गुड्याच्या झिऱ्याजवळ काळ्या पाण्याचे दुसरे भोक

प्रति,
मा. कलेक्टर साहेब,
जिल्हा चांदा, मुंबई राज्य,
मुक्काम चांदा.

अर्जदारीण: गुणाबाई बेवा भैयाजी ढवस, पेशा काश्तकारी, राहणार मौजा सागबोडी, तहसील वरोरा, जिल्हा चांदा.

विषय: खदानीचे काळे पाणी जमिनीच्या पोटात सोडल्याने गावची विहीर नासल्याबाबत, व येत्या सोमवारी नाल्यापल्याड गोंडांच्या गुड्याजवळ तसेच दुसरे भोक सुरू होणार आहे ते थांबवण्याबाबत.

संदर्भ: याच अर्जदारणीचा मागल्या सालचा नाल्याच्या पाण्याबाबतचा अर्ज, व त्यावर झालेला आपला हुकूम. (हुकूम चांगला होता. पुढे काय झाले ते खाली आहे.)

महोदय,

अर्जदारीण हात जोडून हा अर्ज लिहीत आहे. मान मात्र खाली घातलेली नाही, कारण मान खाली घातली की तिची ओळ वाकडी जाते.

१. मागचा अर्ज तिने स्वतः लिहिला नव्हता. वरोऱ्याला कचेरीसमोर कडुनिंबाखाली एक अर्जनवीस बसतो, त्याच्याकडून लिहवला होता. अर्जदारणीने त्याला सारे सांगितले होते, नाल्याचे, विहिरीचे, ढोरांचे, खदान कुठे आहे, उतार कोणत्या बाजूला आहे. त्याने कलम कानावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, साहेबाले एवढा वेळ नसते. मतलबाचं सांग." मग त्याने मतलबाचे लिहिले, की खदानीने आपले पाणी नाल्यात सोडू नये. साहेबांकडे जेवढे मागितले तेवढे साहेबांनी दिले. यात साहेबांची चूक नाही. चूक मागण्यात झाली. म्हणून या खेपेस अर्जदारीण स्वतःच लिहीत आहे. ती दुसरी शिकलेली आहे, तिसरीत बसली आणि लग्न झाले. ऱ्हस्व दीर्घ चुकले असेल तर ते सोडून द्यावे, बाकी काही सोडू नये. शाईही दुकानची नाही, गावची आहे. ती जागोजागी फिकी-गडद दिसेल, त्याचे कारण शेवटी लिहिले आहे.

२. सागबोडीच्या उगवतीला कोळशाची खदान आहे. खदान खोल गेली की तिच्यात पाणी झिरपते, ते पंपाने उपसून बाहेर काढतात. बॉयलरची राख धुतलेले पाणीही त्यातच येते. हे सारे पाणी मागल्या पावसाळ्यापर्यंत आमच्या नाल्यात येत होते. नाला शाईसारखा वाहायचा. ढोरं पाण्याशी जाऊन वास घ्यायची आणि मालकाच्या तोंडाकडे पाहायची. अर्जदारणीची गावरान गाय, जिने कधी कशाला तोंड वाकडे केले नाही, तिनेही तोंड वाकडे केले. म्हणून मागचा अर्ज झाला. साहेबांचा हुकूम आला आणि दसऱ्याच्या सुमारास नाला पुन्हा निवळला. वाळू दिसू लागली. बायका धुणे घेऊन गेल्या आणि उगाच बसून राहिल्या.

३. तेव्हा गावाने जे केले ते लिहिताना अर्जदारणीला आज दात खावेसे वाटतात, पण लिहिले पाहिजे, नाही तर पुढचे कळणार नाही. काळे पाणी नाल्यात येत नाही, मग जाते कुठे, हे तिने आपल्या पुतण्याला विचारले. पुतण्या वारलू हा खदानीत पंपावर खलाशी आहे, म्हणजे पंप चालवतो. "पाणी गेलं कुठी रे वारलू?" तर तो म्हणाला, "खाली गेलं, काकी." "खाली म्हंजे कुठी?" "खाली म्हंजे खालीच. आपल्या बांधाजवळ ते जुनं बोर नाई का, त्याच्यात पाइप घातला. कितीबी सोडा, भोक पिऊनच राह्यलं. डकारत बी नाई."

हे बोर म्हणजे कंपनीने पूर्वी कोळसा शोधायला पाडलेले भोक. कोळसा लागला नाही म्हणून लाकडाचा बूच ठोकून सोडून दिले होते. अर्जदारणीच्या शेताच्या बांधाला लागून आहे. गावच्या बायका ते पाहायला गेल्या. पाइपातून काळे पाणी धो धो येत होते आणि भोकात जाऊन नाहीसे होत होते, जमिनीवर थेंब उरत नव्हता. बायकांनी तिथे हात जोडले. गावचा नाला वाचवायला धरणीमाय एवढी घाण गिळून राहिली, असे सगळ्यांना वाटले. कोणी कुंकू लावले, कोणी नारळ फोडला. ओटी भरली ती अर्जदारणीने. खण हिरवा होता. मॅनेजर साहेबाला शेला आणि नारळ दिला तोही तिनेच. मॅनेजर हसला. तेव्हा तिला वाटले, माणूस लाजाळू आहे.

४. विहिरीविषयी. गावाला पिण्याची विहीर एकच. अर्जदारणीच्या सासऱ्याने खोदली, काळा दगड फोडून, आणि सारे गाव तिच्यावर पाणी भरते. भर वैशाखात बोडी, म्हणजे गावतळे, आटते, नाला आटतो, ही विहीर आटली नाही. त्या भोकापासून ती एका हाकेच्या अंतरावर आहे. हे अंतर तेव्हा कोणाच्या मनात आले नाही. अर्जदारणीच्याही नाही, आणि ती अशी बाई आहे की शेजारणीच्या चुलीवर काय शिजते ते ओसरीवरून ओळखते.

५. मार्गशीर्षात तुरीची डाळ शिजेनाशी झाली. सून चंदा, पोटुशी, चुलीशी बसून डाळ घोटून घोटून रडकुंडीला आली. अर्जदारणीने तिला सुनावले, "तुह्या मायनं तुले चूल दाखवली होती का नाई?" चंदा गरीब आहे, इतकेच म्हणाली, "आत्याबाई, एक डाव तुम्हीच शिजवून पाहा ना." अर्जदारणीने शिजवली. नाही शिजली. तिने डाळीला नाव ठेवले, मग सरपणाला. मग साबणाला फेस येईना. धोतरे तांबूस पडू लागली. घागर रात्रभर राहिली की तळाशी तांबडा गाळ बसे आणि वर इंद्रधनुष्यासारखी साय. ताजे पाणी मात्र काचेसारखे. हेच सारे घोटाळ्याचे झाले, साहेब, की काढल्याबरोबर ते पाणी दिसते चांगले.

६. पौषात चंदाला मुलगा झाला. अर्जदारणीचा हा पहिला नातू. जन्मला तेव्हा रडणे खणखणीत होते. पुढे पोट बिघडले ते थांबेना. दूध पिई आणि टाकून देई, मांड्यांची कातडी सुटली. चंदाला विहिरीचेच पाणी, बाळाला घुटीही त्याच पाण्यात उगाळलेली. बाळघुटी कशी देतात ते साहेबांच्या घरात ठाऊक असेलच. सहाणेवर थोडे पाणी घ्यायचे, वेखंड, जायफळ, हिरडा, एकेकाचे वळसे द्यायचे. अर्जदारणीने हिरड्याचे वळसे दिले आणि सहाणेवर काळे झाले. पिवळसर व्हायचे ते काजळासारखे काळे. तिने सहाण धुतली, दुसरा हिरडा घेतला. पुन्हा काळे.

तान्ह्याच्या घुटीत काळे उतरणे म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. कोणीतरी करणी केली. आणि हिरडा दिला होता कोणी, तर नाल्यापल्याडच्या गुड्यातल्या बुधरीने. गुडा म्हणजे गोंडांची वस्ती. बुधरी जंगलातून हिरडा, बेहडा, मोहफूल आणते आणि गावात देऊन तांदूळ नेते.

७. अर्जदारीण सहाण हातात घेऊन, पदर खोचून नाला ओलांडून गेली. बुधरी अंगणात चटई विणत होती. अर्जदारीण जे बोलायचे ते बोलली. सारे गोळा झाले. ती बोलून थकली तेव्हा बुधरीने हातातले बांबूचे काम बाजूला ठेवले आणि म्हणाली, "झालं का बाई तुहं? करनी कराले बी मानूस जवळचं लागते. तू त मले ओसरीवर चढू देत नाई. तुमच्या विहिरीवर मी जन्मात चढली नाई. मंग तुह्या घरात काळं मी टाकू कुठून?"

अर्जदारणीने हातातली सहाण पुढे केली.

मग बुधरीने गावात दिला त्याच टोपलीतला हिरडा घेतला. गुड्याचा झिरा साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली आहे. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा, खालून पाणी पाझरते, त्यावर सारा गुडा जगतो. झाडाखाली त्यांचा देव आहे, म्हणून तिथे चपला काढून जातात. झिऱ्याचे पाणी सहाणेवर घेऊन तिने हिरडा उगाळला. पिवळा. अर्जदारणीने स्वतः उगाळला. पिवळाच. मग पोर पाठवून विहिरीचे पाणी मागवले, त्यात उगाळला, आणि काळा. बुधरी म्हणाली, "करनी झाली ना, बाई. पन मानसावर नाई झाली. विहिरीवर झाली."

वरचे आरोप केल्याबद्दल अर्जदारणीने बुधरीचे जे देणे लागत होते ते दिले आहे. काय दिले आणि कसे दिले हे या कचेरीचे काम नाही.

८. त्या दिवसापासून बाळाला आणि चंदाला झिऱ्याचे पाणी सुरू केले. आठवडा गेला तसे बाळाचे पोट थांबले, दूध टिकू लागले. आता सारे सागबोडी झिऱ्यावर जाते. ज्या बायका गुड्यातल्यांच्या हातची घागर बाजूला ठेवत, त्या आता रांगेत उभ्या राहतात आणि गुड्यातल्या बायका म्हणतात, "आधी लेकरवाल्यायले घेऊ द्या." आमच्यात बाळंतीण विहीर पुजून पहिली घागर भरते, मग घरच्या पाण्याला हात लावते. विहिरीकडे तर पाहवत नव्हते. म्हणून चंदाने झिरा पुजला. हळद-कुंकू वाळूवर वाहिले, चपला काढून. ढवसांच्या घरात गुड्याच्या पाणवठ्यावर पूजा होण्याची ही पहिलीच वेळ. त्यावर भावकीत जे बोलणे झाले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. अर्जदारणीने दिलेले उत्तर तर मुळीच नाही.

९. मग अर्जदारणीने मॅनेजर साहेबाला घरी बोलावले. तो आला, सोबत सर्व्हेबाबू. माणूस परमुलखातला आहे, बोलतो हिंदी. विहिरीवर नेले. ताजे पाणी काढून दिले. त्याने पेला उजेडात धरला आणि म्हणाला, "एकदम साफ है, बाई." अर्जदारीण म्हणाली, "ओसरीवर बसा, चहा घेऊन जा." चहा त्याच पाण्याचा केला, आणि चांगला दाट दुधाचा. कपात आला तो राखेच्या रंगाचा, कडेला काळा. मॅनेजरने कपात पाहिले, सर्व्हेबाबूने मॅनेजरकडे पाहिले. कोणीही कप उचलला नाही. अर्जदारीण म्हणाली, "घ्या ना साहेब, पानी एकदम साफ हाय."

तेव्हा त्याने समजावण्याचा सूर काढला. कंपनीने कलेक्टर साहेबांचा हुकूम अक्षरशः पाळला, नाल्यात थेंब सोडत नाही. आणि जमिनीखालची गोष्ट म्हणाल तर, "बाई, जमीन के नीचे किसी का खेत नहीं होता." अर्जदारीण म्हणाली, "मंग कोळसा कोनाचा म्हणून काढून राह्यले? तो बी त खालीच हाय." सर्व्हेबाबूला खोकला आला. मॅनेजर उठला. उठता उठता म्हणाला, गावाला इतका त्रास होत असेल तर या बोरवरचा भार कमी करू. अर्जदारणीला वाटले, चहा कामी आला.

१०. भार कमी कसा करणार ते गेल्या आठवड्यात कळले. नाल्यापल्याड, साजाच्या झाडाच्या वरच्या अंगाला, त्याच कंपनीचे तसेच दुसरे सोडलेले बोर आहे. त्यावर पांढऱ्या रंगाने सात आकडा काढला आहे. खदानीपासून तिथवर नवा पाइप टाकला. नाल्यावर पाइप पेलायला लाकडी घोड्या उभ्या केल्या, पाणी सोडायचा चक्का बसवला. येत्या सोमवारी सकाळच्या भोंग्याला तो चक्का फिरवायचा आहे. म्हणजे अर्धे काळे पाणी आमच्या विहिरीत आणि अर्धे गुड्याच्या झिऱ्यात. साहेब, नाल्याचे पाणी ढोरांना आणि धुण्याला आहे, त्या झिऱ्याशिवाय आता सागबोडीला आणि गुड्याला दोन्हीकडे पिण्याचे पाणी उरलेले नाही. विहीर नासायला दोन महिने लागले. ती काळ्या दगडातली. झिरा वाळूतला आहे, त्याला किती दिवस लागतील हे अर्जदारणीला सांगता येत नाही, आणि पाहायचेही नाही. नातू आत्ता कुठे मूठ आवळू लागला आहे.

११. म्हणून अर्जदारीण परवापासून त्या सात नंबरच्या भोकावर बसली आहे. बूच काढायला आलेल्या माणसांना तिने सांगितले की बूच तिच्या खाली आहे, हवा असेल तर मागून घ्यावा. ते घरंदाज निघाले, परत गेले. दिवसा ती बसते, अंधार पडला की गुड्यातले गडी आळीपाळीने बसतात. जेवण घरून येते, पाणी झिऱ्याचे. पहिल्या दिवशी ती उघड्या मुरमावर बसली होती. बुधरी आली, आपली विणलेली नवी चटई अंथरली आणि म्हणाली, "सरक, मी बी बसतो." दोघी एका चटईवर बसून आहेत. गावाला हे पाहून जे वाटते ते गावाने वाटून घ्यावे.

१२. काल मॅनेजरचा निरोप आला की म्हातारीला उचलून बाजूला ठेवू. निरोप घेऊन आला वारलू, कारण सोमवारी चक्का फिरवण्याचे काम त्याच्याकडेच आहे. तो चटईपासून दूर उभा राहिला. म्हणाला, "काकी, तू इथीच बसून राह्यली आन मले वरून भोंगा देला, तं म्या काय करू?" अर्जदारीण म्हणाली, "मॅनेजरले विचार. तुहा पगार तो देते." तो गेला नाही. मग म्हणाला, "मह्या घरी बी झिऱ्याचंच पानी हाय ना, काकी." त्याची बायको पोटुशी आहे. अर्जदारणीने त्याला धीर दिला नाही. धीर देण्यासारखे तिच्याजवळ त्या वेळी काही नव्हते, आणि खोटे ती फक्त व्याह्यांशी बोलते.

उचलण्याबाबत अर्जदारणीचे म्हणणे इतकेच की तिचे वय झाले आहे, हाडे कुरकुरतात, आणि उचलणाऱ्याने आधी आपल्या आईला विचारून यावे.

१३. सबब साहेबांकडे मागणे असे. मागच्या वेळी मागणे आखूड पडले, म्हणून या वेळी पुरते लिहिले आहे.

(अ) सोमवारच्या आत, म्हणजे भोंगा होण्याच्या आत, सात नंबरचे भोक उघडू नये असा तार करून हुकूम द्यावा. टपालाने दिला तर तो मंगळवारी पोचेल आणि मंगळवारी त्याचा उपयोग फक्त घराच्या भिंतीला चिकटवायला होईल.

(आ) बांधाजवळच्या जुन्या भोकातला पाइप काढून ते गच्च बुजवावे. त्यावर वाहिलेला खण आणि नारळ परत मागत नाही.

(इ) नव्या हुकुमात शब्द असे घालावे: खदानीने आपले पाणी नाल्यात सोडू नये, बोडीत सोडू नये, शेतात सोडू नये, जुन्या भोकात, नव्या भोकात, अजून पाडले नाही त्या भोकात, उंदराच्या बिळात, किंवा ज्याच्या खाली कोणाचे पाणी आहे अशा कोणत्याही जागी, वरून, खालून किंवा आडवे सोडू नये. यात काही राहिले असेल तर साहेबांनी आपल्या अकलेने घालावे. मॅनेजर वाचताना जागा शोधत वाचतो.

(ई) मग पाणी सोडावे कुठे, असे मॅनेजर विचारील. ते सांगणे अर्जदारणीचे काम नाही. तरी विचारलेच तर, बंगल्यामागे त्याचे टेनिसचे मैदान आहे, पुष्कळ मोठे. तिथे टाकी बांधावी, पाणी साचू द्यावे, गाळ खाली बसू द्यावा, आणि निवळलेले पाणी पुन्हा आपल्याच बॉयलरला घालावे. पिऊ नये.

(उ) साहेबांनी स्वतः यावे. जीप गुड्यापर्यंत येते. येताना काही आणू नये, हिरडा इथेच आहे. चहा मिळेल. कोणत्या पाण्याचा ते साहेबांनी सांगावे.

१४. कोणी म्हणेल, बाईमाणूस, दुसरी शिकलेली, हिने पाण्यातले काय ओळखावे. कागदावर पुरावा काय. मॅनेजरही हेच म्हणाला, "कागज पर क्या सबूत है?" म्हणून शेवटी शाईचे लिहिते.

ही शाई विकत आणलेली नाही. आमच्या विहिरीची एक घागर घेतली. हिरडा काळा होतो तो पाण्यातल्या लोखंडाने; कढईत आटवली असती तर मॅनेजर म्हणाला असता लोखंड कढईचे, म्हणून मातीच्या मडक्यात आटवली, लाकडाच्या काडीने ढवळली. त्यात बुधरीचे हिरडे ठेचून टाकले. बस. काजळ घातले नाही, डिंक नाही, दुसरे काही नाही. ते जे झाले त्यात बोरू बुडवून हा अर्ज पहिल्या ओळीपासून इथवर, भोकावर बसून, मांडीवर पाटी ठेवून लिहिला आहे. हे पाणी सागबोडीची लेकरे दोन महिने प्यायली. झिऱ्याच्या पाण्याची अशीच शाई करून पाहिली, ती उमटत नाही, कागद नुसता पिवळा होतो. ती उमटू लागेल त्या दिवशी अर्ज करायला अर्जदारीण उरणार नाही, किंवा ज्याच्यासाठी करायचा तो नातू तरी.

ही शाई लिहिताना फिकी असते. वाळत जाते तसतशी काळी होते. अर्जदारीण लिहिते आहे तेव्हा अक्षर तिलाच नीट दिसत नाही, डोळे मिचकावून लिहिते आहे. साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत ते चांगले काळे झालेले असेल. साहेबांना हा अर्ज वाचता आला असेल, तर पुरावा वाचून झाला आहे.

वाट पाहत, उठण्याचा विचार नसलेली,

आपली नम्र,
गुणाबाई बेवा भैयाजी ढवस
(ही सही आहे, अंगठा नाही.)

साक्षीदार: बुधरी, राहणार गुडा. निशाणी: झिऱ्याच्या ओल्या वाळूचा हात.

सात नंबरच्या भोकावरून, मौजा सागबोडी, तहसील वरोरा.
गुरुवार, दिनांक २० फेब्रुवारी १९५८.

सोबत:
१. विहिरीच्या पाण्याची बाटली, बूच लाखेने बंद केलेला.
२. झिऱ्याच्या पाण्याची बाटली, तशीच बंद केलेली.
३. फडक्यात बांधलेले हिरडे, दोन्ही बाटल्यांसाठी. ऐन वेळी सहाण मिळाली नाही तर काचेच्या पेल्यातही चालते.
४. हा अर्ज घेऊन येणारा माणूस वारलू. त्याने आजपासून रजा टाकली आहे. सोमवारच्या भोंग्याला तो पंपावर नसेल. त्याला पावती देऊन परत पाठवावे, आणि पाणी पाजून.